ग्रँड कॅन्यनवरचे आकाश : एका दृश्याची किंमत

१/९
हेलिकॉप्टरमधून ग्रँड कॅन्यन पाहणे हा आता अमेरिकेच्या सहलीतला नेहमीचा कार्यक्रम झाला आहे. सपाट पठार अकस्मात संपते आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल दरीच्या तळाशी कोलोरॅडो नदी दिसू लागते. ही फेरी कोणत्या मार्गाने व किती उंचीवरून जावी, याचे नियम मात्र दोन भीषण अपघातांनंतर घडले. आजची लेखमाला त्या नियमांच्या इतिहासाविषयी.

२/९
१८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल हा, यादवी युद्धात एक हात गमावलेला भूवैज्ञानिक, नऊ सोबत्यांसह चार होड्या घेऊन या नदीप्रवासास निघाला. प्रवासाला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला. निघालेल्या दहांपैकी सहाच जण शेवटपर्यंत पोहोचले. दरी पाहायची तर जिवावर उदार व्हावे लागे, असा तो काळ होता.

३/९
विमान आले आणि तेच दृश्य खिडकीतून दिसू लागले. ३० जून १९५६ रोजी लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने दोन प्रवासी विमाने उडाली. सुमारे दीड तासाने, २१,००० फुटांवर, याच दरीच्या आकाशात ती एकमेकांवर आदळली. १२८ जण होते. कोणीही वाचले नाही.

४/९
त्या भागातील आकाशावर तेव्हा नियंत्रण कक्षाची देखरेख नव्हती. समोरचे विमान स्वतःच्या डोळ्यांनी पाहून टाळणे, ही वैमानिकांचीच जबाबदारी होती. त्यांना एकमेकांची विमाने वेळेत का दिसली नाहीत, याची जी संभाव्य कारणे चौकशी अहवालाने नोंदवली, त्यांत एक कारण थबकायला लावते : प्रवाशांना दरीचे अधिक चांगले दर्शन घडवण्याचा प्रयत्न. ते सिद्ध झाले नाही. पण शक्यता म्हणून कागदावर आले.

५/९
अवशेष ज्या कड्यांवर विखुरले होते, तेथे पायी पोहोचणे जवळजवळ अशक्य होते. लष्कराची हेलिकॉप्टरे आणि स्वित्झर्लंडहून आलेले गिर्यारोहक यांनी ते काम केले. या दुर्घटनेने देश हादरला आणि १९५८ मध्ये नवा विमान वाहतूक कायदा झाला. संपूर्ण देशाच्या आकाशाची जबाबदारी एका संघीय संस्थेकडे आली.

६/९
तरीही खुद्द दरीवरच्या पर्यटन-उड्डाणांचा प्रश्न सुटला नाही. १८ जून १९८६ रोजी पर्यटकांचे एक छोटे विमान आणि एक हेलिकॉप्टर यांची तेथेच टक्कर झाली. २५ जण मृत्युमुखी पडले. या वेळी दोन्ही यानांतील प्रवासी केवळ दरी पाहण्यासाठीच निघालेले होते.

७/९
पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने राष्ट्रीय उद्यानांवरील उड्डाणांचा कायदा केला. काही अपवाद वगळता दरीच्या काठाखाली उतरण्यास बंदी आली. १९८८ पासून उड्डाणास वर्ज्य क्षेत्रे आणि ठरलेले हवाई मार्ग आखले गेले. सुरक्षिततेबरोबर या कायद्याने आणखी एक उद्दिष्ट मांडले : ‘नैसर्गिक शांतता’ पुन्हा प्रस्थापित करणे. पुढे त्याचे मोजमापही ठरले. उद्यानाच्या निम्म्या किंवा अधिक भागात, दिवसाचा किमान ७५ टक्के काळ, कोणत्याही विमानाचा आवाज ऐकू येऊ नये. शांतता अशी सरकारी कागदांवर टक्क्यांत मोजली जाऊ लागली.

८/९
पण दरी रिकामी नव्हती. उद्यानालगतच्या एका उपदरीत, निळ्याहिरव्या पाण्याच्या हवासू धबधब्याजवळ, हवासुपाई लोकांचे सुपाई हे गाव आहे. १८८२ साली त्यांची भूमी अवघ्या ५१८ एकरांवर आणली गेली. सुमारे १,८५,००० एकर परत मिळण्यास १९७५ साल उजाडले. त्यांच्या गावापर्यंत आजही मोटाररस्ता नाही. डाक खेचरांवरून येते. माणसांची आणि सामानाची ने-आण पायवाटेने, खेचरांवरून किंवा हेलिकॉप्टरने होते. २००८ च्या पुरात लोकांना बाहेर काढले तेही हेलिकॉप्टरनेच.

९/९
म्हणजे ज्या यंत्राचा आवाज नदीकाठी मुक्कामाला असलेल्या पदभ्रमणकाराला नकोसा वाटतो, तेच यंत्र शेजारच्या गावाचा आधार आहे. अशा वेळी ‘हेलिकॉप्टर हवे की नको’ हा प्रश्न अपुरा ठरतो. ते कोणासाठी उडते, हे आधी विचारावे लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एवढे जरूर ध्यानात ठेवावे : बखरी आणि ताम्रपटांइतकाच अपघाताचा चौकशी अहवाल हेही इतिहासाचे अस्सल साधन असते. १९५६ च्या त्या अहवालातील एका ओळीत, दृश्य पाहण्याची माणसाची साधी हौस मृत्यूच्या संभाव्य कारणांत नोंदली गेली आहे.