श्रीहार्जोचे गणित : जावामधील अल्पभूधारक शेतीची एक पाहणी

जावा बेटावर योग्याकार्ता शहराच्या दक्षिणेस, बांतुल जिल्ह्यात, इमोगिरीची टेकडी आहे. सतराव्या शतकातील मातारामचा सुलतान अगुंग व त्याच्या वंशजांच्या कबरी या टेकडीवर असल्यामुळे जावी मुसलमानांची तेथे सतत ये-जा असते. याच परिसरात श्रीहार्जो हे गाव आहे. नावातील ‘हार्जो’ म्हणजे भरभराट. 1970 च्या सुमारास या गावात झालेली एक पाहणी मात्र दारिद्र्याच्या अभ्यासातील महत्त्वाचे साधन ठरली, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

पाहणी करणारे दोघे होते. डेव्हिड पेनी हे ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील कृषि-अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी यापूर्वी उत्तर सुमात्रातील शेतकऱ्यांचा अभ्यास केला होता. मासरी सिंगारिंबुन हे मूळचे सुमात्रातील कारो समाजाचे मानववंशशास्त्रज्ञ. पुढे 1973 मध्ये गाजा मादा विद्यापीठात लोकसंख्या संस्था उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. या दोघांचा ग्रामीण जावातील लोकसंख्या व दारिद्र्य या विषयावरील अहवाल कॉर्नेल विद्यापीठाने 1973 मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या उपशीर्षकात ‘श्रीहार्जोतील थोडे आर्थिक गणित’ अशा अर्थाचे साधे शब्द आहेत. त्या साधेपणामागील परिस्थिती समजून घेणे आवश्यक आहे.

इंडोनेशियात 1960 मध्ये मूलभूत जमीन कायदा झाला आणि कमाल जमीनधारणेची मर्यादा ठरली. अंमलबजावणी रखडली, तेव्हा 1964 पासून कम्युनिस्ट पक्षाच्या शेतकरी संघटनेने जमिनी परस्पर ताब्यात घेण्यास सुरुवात केली. 1965-66 च्या हत्याकांडानंतर जमीनवाटप हा शब्दच धोक्याचा झाला. नव्या राजवटीचे लक्ष भाताच्या उत्पादनावर होते. ‘बिमास’ कार्यक्रमाखाली सुधारित बियाणे, रासायनिक खत आणि कर्ज एकत्रितपणे गावोगाव पोचवले जात होते. कोणाकडे किती जमीन आहे, हे विचारण्याऐवजी हेक्टरी किती भात निघतो, हे विचारले जात होते. अशा काळात जमिनीचा प्रश्न घोषणेने मांडता येत नव्हता. बेरीज-वजाबाकीने मांडता येत होता. पेनी व सिंगारिंबुन यांनी तेच केले असे म्हणावे लागते.

त्यांच्या पाहणीचा गाभा ‘चुकुपान’ या शब्दात आहे. जावी बोलीत याचा अर्थ ‘पुरेसे असणे’. श्रीमंती नव्हे, चैन नव्हे. घर चालावे आणि कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढेच. ही पातळी गाठण्यास किती जमीन लागते, याचे माप कोणत्याही कचेरीतून न आणता गावकऱ्यांकडूनच घेतले गेले. ते असे : 0.7 हेक्टर ‘सावाह’, म्हणजे पाण्याखालील भातखाचर, आणि 0.3 हेक्टर घराभोवतालची बागायत, जिला तेथे ‘पेकारांगान’ म्हणतात. आपल्या हिशेबाने सुमारे 69 गुंठे भातजमीन आणि 30 गुंठे परसबाग. हे माप गावातील धारणेशी ताडून पाहिले असता फार थोडी घरे पुरेशी ठरत होती. बहुसंख्य घरे त्याच्या खाली होती आणि अनेकांकडे भातखाचर मुळीच नव्हते.

परसबागेला मापात स्थान मिळाले, ही बाब लक्षणीय आहे. सरकारी आकडेवारी भाताभोवती फिरत असे; पण नारळ, केळी, कंदमुळे, भाजी आणि कोंबड्या या घराभोवतीच असत. भूमिहीनाजवळही कित्येकदा एवढाच तुकडा असे. या टापूत नारळाच्या पोयीतून रस काढून, तो तासन्‌तास आटवून गूळ करणे हा गरिबांचा जुना धंदा. सरपण, झाडमालकाचा वाटा आणि दिवसभराचे श्रम धरले तर हाती फारसे काही उरत नसे. तरीही लोक तो करीत, कारण दुसरे काम नव्हते. बेन व्हाइट यांनी शेजारच्या कुलोन प्रोगो जिल्ह्यात 1972-73 मध्ये घरोघरी कामाचे तास मोजले, तेव्हा हाच अनुभव आला. घरकाम धरल्यास स्त्रियांचा कामाचा दिवस पुरुषांपेक्षा मोठा होता, हेही त्यातून दिसले.

जमिनीचे तुकडे का पडले, याचे उत्तर केवळ वाढत्या लोकसंख्येत शोधणे अपुरे होईल. योग्याकार्ता संस्थानात जमीन तत्त्वतः सुलतानाची असे. 1918 च्या सुधारणेनंतर रयतेला वंशपरंपरागत वहिवाटीचा हक्क मिळाला आणि वाटणीही सुरू झाली. गावच्या अधिकाऱ्यांना पगाराऐवजी ‘लुंगगुह’ जमीन मिळत असे. आपल्याकडील वतन-इनामाशी तिचे साम्य सहज लक्षात येते. निकाह, दफन आदी पाहणारा गावचा धर्माधिकारीही तिचा हक्कदार असे. वारसाहक्काची जावी रीत ‘सपिकुल सगेंडोंगान’ म्हणून प्रसिद्ध आहे : मुलगा खांद्यावरच्या कावडीत दोन ओझी नेतो, मुलगी पाठीवर एक. शरियतच्या दोनास एक या प्रमाणाशी ही म्हण जुळते. पण अनेक गावांत मुलामुलींना समान वाटा देण्याचीच चाल होती.

येथे जकातीचा संदर्भ अप्रस्तुत ठरू नये. इंडोनेशियातील मुसलमान कोकणी मुसलमानांप्रमाणेच शाफई मताचे आहेत. या मतानुसार पिकावरील जकात पाच वस्क, म्हणजे सुमारे 653 किलो धान्याच्या पुढेच लागू होते. त्या काळी इंडोनेशियात हेक्टरी सरासरी दोन ते अडीच टन भात निघे. 0.7 हेक्टरचा शेतकरी एका पिकातच निसाब ओलांडतो, 0.2 हेक्टरवाल्याच्या हाती जेमतेम चारशे ते पाचशे किलो येतात. पहिला देणारा, दुसरा बहुधा घेणारा. गावकऱ्यांचे ‘पुरेसे’ आणि फिकहचे निसाब या वेगळ्या गोष्टी असल्या, तरी दोन्ही मापे माणसांना विभागतात.

जावातील गरिबाला तगवणारी आणखी एक रीत होती. भात कापणीस कोणीही यावे, ‘आनी-आनी’ या बोटात धरायच्या छोट्या पात्याने लोंब्या खुडाव्यात आणि ‘बावोन’ म्हणजे वाटा घेऊन जावे. शेजाऱ्याला नाही म्हणणे मालकास शक्य नसे. याच सुमारास ‘तेबासान’ पद्धत वाढली. मालक उभे पीक व्यापाऱ्यास विकू लागला. व्यापारी विळे घेतलेले मोजके मजूर आणू लागला. जे मालक तोंडाने म्हणू शकत नव्हता, ते परका माणूस विनासंकोच म्हणू लागला. विल्यम कोलियर, गुनावान विरादी व सुंतोरो यांनी 1973 मध्ये हा बदल नोंदवला. गिरण्या आल्या तशी स्त्रियांची भात कांडण्याची मजुरीही गेली. उत्पादन वाढत असताना वाटा घटत होता.

या प्रकारच्या पाहणीची परंपरा मराठी वाचकाला अपरिचित नाही. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास 1917 मध्ये प्रसिद्ध केला. तेथील सरासरी धारणा 1771 मध्ये 40 एकर होती, ती 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आल्याचे त्यांनी दाखवले. मॅन यांनीही घराची मिळकत गरजेशी ताडली. श्रीहार्जोत मात्र गरजेचे माप गावाच्याच तोंडून आले.

अहवालाचा इंडोनेशियन अवतार 1976 मध्ये निघाला. बोगोरचे सायोग्यो यांनी 1977 मध्ये दारिद्र्यरेषा तांदळात मांडली : ग्रामीण भागात माणशी वर्षाला 320 किलो तांदळाइतका खर्च नसेल तर तो गरीब. 1984 मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाल्याचे जाहीर झाले. जमिनीचे तुकडे पडतच राहिले. 2003 च्या कृषिगणनेत ‘गुरेम’ शेतकरी कुटुंबे सुमारे 1 कोटी 37 लाख होती. 2023 मध्ये ती सुमारे 1 कोटी 69 लाख झाली. गुरेम हे कोंबडीच्या अंगावरील बारीक किड्याचे नाव. या वर्गाची सरकारी मर्यादा 0.5 हेक्टर आहे, म्हणजे श्रीहार्जोच्या शेतकऱ्यांनी सांगितलेल्या मापाच्या निम्मी.