कोंबडीचा शिधा



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही लिहावे असे ठरले, तेव्हा मी मागेच सरले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास असतो राजेरजवाड्यांचा, तो आपण काय लिहिणार? पण अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुम्ही कोंबड्या पाळता ना? मग त्यांचाच इतिहास लिहा!" त्या थट्टेने म्हणाल्या असतील, मी मात्र ते मनावर घेतले.

आमच्या परसात सासूबाईंच्या वेळेपासून दहा गावरान कोंबड्या असतात. सासूबाई सकाळी खुराडे उघडून त्यांना मोजून दोन मुठी जोंधळे टाकीत आणि दिवेलागणीला कोंडताना चार मुठी. मधल्या वेळात कोंबड्यांनी उकिरडा उकरावा, किडेमुंग्या आणि गवताचे कोंब टिपावेत. भाकरीचा तुकडा मात्र त्यांच्यापुढे कधी पडत नसे. मी नवी नवी होते. एकदा न राहवून म्हणाले, "आत्याबाई, मुक्या जिवाच्या बाबतीत एवढा चिकटपणा कशाला?" त्या काहीच बोलल्या नाहीत.

तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि खुराडे माझ्या हाती आले. मी दिवसभर पाटीभर धान्य समोर ठेवू लागले. सहा महिन्यांत कोंबड्या लठ्ठ झाल्या. परसभर हिंडायच्या त्या पाटीभोवती बसून राहू लागल्या. अंडी निम्म्यावर आली, आणि सांडलेल्या दाण्यांवर घुशी येऊ लागल्या. शेवटी एक चांगली अंड्यावरची कोंबडी अंडे अडून मेली. गुरांच्या डॉक्टरांनी तिच्या पोटातली पिवळी चरबी मला दाखविली आणि म्हणाले, "बाई, ही उपासाने नाही मेली, तुमच्या मायेने मेली."

ते बोल मला फार लागले. तेव्हापासून कोंबडीला किती घालावे याविषयी मिळेल ते मी वाचू लागले. इंग्रजीत होते ते मुलीने समजावून सांगितले. त्यात मला मोठी नवलाची गोष्ट कळली, ती ही की परसातल्या कोंबडीच्या दाण्यांचा हिशेब मोठमोठ्या सरकारांनाही करावा लागला आहे.

पहिल्या महायुद्धात अमेरिका 1917 साली उतरली. तेव्हा तिथल्या शेतकी खात्याने भित्तिपत्रके काढून लोकांना कोंबड्या पाळायला सांगितले. घरातल्या माणशी दोन कोंबड्या परसात असल्या की घरापुरती अंडी मिळतील, असा त्यांचा हिशेब होता. विचार केला तर त्यात मोठे शहाणपण आहे. जितकी माणसे तितके स्वयंपाकघरातले उष्टेखरकटे, आणि जितके खरकटे तितक्याच कोंबड्या.

पुढे 1939 साली दुसरे महायुद्ध पेटले. इंग्लंडात गुराकोंबड्यांचे कितीतरी खाद्य बाहेरून बोटींनी येत असे. जर्मन पाणबुड्या त्या बोटी बुडवू लागल्या. तेव्हा जे धान्य होते ते आधी माणसांना, मग दुधासाठी गाईंना, आणि कोंबड्यांचा नंबर त्यानंतर, असे ठरले. माणसाचे अन्न वाया घालविणे 1940 सालापासून गुन्हा झाला. जून 1941 पासून अंड्यांचे वाटप सरकारने हाती घेतले. साधारणपणे माणशी आठवड्याला एक अंडे मिळे, तेही असले तर. 1942 साली अमेरिकेहून अंड्यांची भुकटी येऊ लागली. तिच्या एका डब्यात डझनभर अंड्यांचा ऐवज असे.

ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या त्यांना सरकारने एक सवलत दिली. आपल्या वाट्याच्या अंड्यावरचा हक्क सोडायचा आणि त्याबदल्यात कोंबड्यांसाठी मोजका भरडा घ्यायचा. नुसता तो भरडा पुरत नसे. बटाट्याच्या साली, कोबीची पाने, ताटातले उरलेसुरले उकडून बायका त्यात कालवीत. विचार करा, भगिनींनो! हातचे ठरलेले अंडे सोडून परसातल्या कोंबडीवर भरवसा ठेवायचा. घातलेले माप चुकले आणि कोंबडी बसली, तर मुलांच्या ताटात अंडे नाही. अंड्यांवरचे हे नियंत्रण मार्च 1953 पर्यंत चालले.

आपल्याकडेही त्याच युद्धात, 1943 साली, मुंबईत रेशनिंग आले. पण मला सर्वांत जवळचे वाटले ते 1972 चे. त्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळे. लोक तिला मिलो म्हणत. सासूबाई तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. आईबरोबर त्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात, तिथे सुकडी मिळे आणि घरी मिलोची भाकरी. एवढे त्या सांगत. हीच लाल ज्वारी अमेरिकेत मुख्यतः गुराकोंबड्यांच्या खाद्यासाठी पिकवितात, हे मी आता वाचले. वाचून पुस्तक मिटले आणि बराच वेळ गप्प बसले. ज्या मुलीने कोंबडीचे धान्य खाऊन दिवस काढले, तिला मी पुढे "चिकट" म्हणाले होते! ती मूठ चिकटपणाची नव्हती. माणसाच्या तोंडचे न काढता कोंबडीला जगवायचे माप होते ते.

आता मी पुन्हा सासूबाईंच्या मापावर आले आहे. वजन करून पाहिले तेव्हा सहा मुठी सुमारे 300 ग्रॅम भरल्या, म्हणजे कोंबडीमागे 30 ग्रॅम. दिवसभर हिंडून टिपणाऱ्या गावरान कोंबडीला एवढे बहुधा पुरते. पिंजऱ्यातल्या अंड्याच्या कोंबडीला मात्र सुमारे 110 ग्रॅम लागते, कारण तिला उकिरडा नाही. संध्याकाळी कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी हाताने चाचपावी. ती भरलेली लागली तर पोट भरले. रिकामी लागली तर मूठभर वाढवावे. पावसाळ्याच्या झडीत आणि कडक थंडीत वाढवावेच. अंड्यावरच्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवावा आणि पाणी मात्र कधी मोजू नये.

अंडी पुन्हा सुरू झाली आहेत. त्यांच्या पैशांतून मुलीच्या वह्या येतात. रोज संध्याकाळी चौथी मूठ टाकताना सासूबाईंची आठवण होते. त्यांची माफी मागायची राहून गेली, ती या पानावर मागते.