मोडीचा धातू आणि दख्खनचे नाणेशास्त्र : जोगळटेंभी निधीच्या संदर्भात

जुनी भांडी तांबटाला देऊन नवी घेताना जुन्या धातूला जी किंमत येते, तिला मराठीत ‘मोड’ म्हणतात; आणि ‘मोडीत काढणे’ या वाक्प्रचाराने आपण निरुपयोगी ठरलेल्या वस्तूंची बोळवण करतो. वस्तुतः मोडीत गेलेला धातू निरुपयोगी ठरत नाही. त्याचे केवळ रूप बदलते. धातूची ही पुनरुपयोगिता प्राचीन अर्थव्यवहारात किती मोलाची होती, याचा विचार आपल्याकडे नाणकशास्त्राच्या अंगाने पुरेसा झालेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्या दृष्टीने नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या निधीकडे पुन्हा पाहणे अगत्याचे आहे.

या निधीतील सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांची तपासणी झाली. ती सर्व मूळची क्षहरात क्षत्रप नहपान याची होत. त्यांपैकी ९,२७० नाण्यांवर, म्हणजे शेकडा ७० नाण्यांवर, गौतमीपुत्र सातकर्णीने आपला चैत्य, आपले नाव आणि तथाकथित उज्जयिनी-चिन्ह यांचा ठसा उमटविलेला आहे. अनेक नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरांचे अवशेष डोकावतात. आपल्या मातेच्या नाशिक येथील शिलालेखात क्षहरातांचा निःशेष उच्छेद करणारा म्हणून गौरविला गेलेला हा राजा क्षहरातांची चांदी मात्र जपून वापरतो, ही गोष्ट लक्षणीय आहे.

त्याने ही नाणी वितळविली का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर बहुधा राजकीय हेतूत शोधले जाते : पराभूताच्या मस्तकावर जेत्याची मुद्रा. हे खरेच, परंतु टांकसाळीचा हिशेबही विसरता कामा नये. चांदी ९६१ अंश सेल्सिअसला वितळते. तेवढ्या उष्णतेसाठी कोळसा हवा, मुशी हव्यात, आणि वितळविताना काही धातू घट म्हणून जाणारच. नंतर पुन्हा चकत्या पाडणे, तोलणे, ठसा मारणे आलेच. उलटपक्षी जुन्याच नाण्यावर ठसा मारल्यास वजन व कस दोन्ही कायम राहतात, आणि व्यापाऱ्यालाही नव्याने पारख करावी लागत नाही. नाणे प्रत्येकी सुमारे दोन ग्रॅमचे धरले, तरी या एकाच निधीतील चांदी २५ किलोहून अधिक भरते. दख्खनच्या काळ्या पाषाणात चांदीच्या खाणी नाहीत. तेव्हा हाती असलेली चांदी हीच येथील खाण होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

मग ही चांदी नहपानाकडे तरी कोठून आली? रोमन दीनारींचे (देनारियस) साठे कोइमतूरच्या परिसरात विपुल मिळतात, पश्चिम दख्खनमध्ये ते विरळ आहेत. ‘पेरिप्लस’चा कर्ता मात्र भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी नफ्याने वटत असल्याचे सांगतो. तेव्हा ती नाणी येथे येत नव्हती असे नव्हे, तर येऊन क्षत्रपांच्या मुशीत जात होती, असा तर्क काही विद्वानांनी केला आहे. तो ग्राह्य वाटतो. तसे असल्यास जोगळटेंभीच्या एखाद्या नाण्यात रोम, नहपान आणि गौतमीपुत्र या तिघांच्या सत्तेचा इतिहास साठलेला असू शकेल. त्यांपैकी दोनच डोळ्यांस दिसतात.

तांब्याची कथा याहून अवघड आहे. त्याच ग्रंथात भडोचच्या आयातीत तांबे, कथील व शिसे यांची नोंद आहे. यांतील किती धातू खाणीतून निघालेला आणि किती जुन्या भांड्यांचा, मूर्तींचा होता, हे ग्रंथकार सांगत नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेला पोसायडनचा छोटा पुतळा आणि रोमन सुरई यांना आपण सहसा रसिक श्रीमंताची संपत्ती मानतो. त्यांच्यासोबत पुष्कळशी स्थानिक भांडीही होती, हे ध्यानात घेता, हा सारा ऐवज एखाद्या कासाराकडे मोडीसाठी जमा झाला असावा काय, अशी शंका घेण्यास जागा आहे. तसे सिद्ध झाल्यास कलाभिरुचीचा एक पुरावा आपण गमावू. व्यापाराचा एक मिळवू.

अभ्यासकाची खरी अडचण येथेच आहे. खनिजाचे भाजणे व क्षपण या दोन्ही खर्चिक पायऱ्या वाचत असल्याने जुना धातू पुन्हा मुशीत घालणे समाजाला सदैव लाभदायक ठरले. परंतु त्या लाभाची किंमत पुराव्याने मोजली. कित्येक ताम्रपट तांबटाच्या दुकानातून ऐनवेळी हाती आले आहेत. जे आले नाहीत त्यांची गणना कोण करणार? एखाद्या प्रदेशात धातूच्या वस्तू कमी सापडल्या म्हणून तेथे धातूचा वापर अल्प होता, हे अनुमान म्हणूनच धोक्याचे आहे. वापर जितका सतत, मोड जितकी चोख, तितके अवशेष कमी, असेही घडते.

राहता राहिली ती ठसा न मारलेली सुमारे ३,९८० नाणी. गौतमीपुत्राचा ठसा नसता नहपानाचे नाणे चालत नव्हते असे मानल्यास, ती याच निधीत मुद्रांकित नाण्यांबरोबर का पुरली गेली, याचा उलगडा होत नाही. नाणे पुरणाऱ्याला राजा कोण याहून चांदी किती याचेच मोल अधिक असावे.