दामाजीपंतांचा दुष्काळ आणि बिदरचे पाणी

गणपती बसतात तेव्हा आपल्याकडे पूर्वा-उत्तरेचा पाऊस असतो. मूग-उडीद घरात आलेले किंवा रानात भिजत पडलेले असतात, आणि रब्बीच्या ज्वारीसाठी काळ्या रानाने ओल धरायची तीही याच दिवसांत. बिदरला वर्षाकाठी सुमारे साडेआठशे मिलिमीटर पाऊस, कलबुर्गीला त्याहून थोडा कमी. ऑक्टोबरात तो बहुतेक संपतो. पुढचे सात महिने त्याच पाण्यावर काढायचे, हा आपल्या मुलखाचा जुना हिशेब आहे.

हा हिशेब राजांनाही चुकला नाही. १४२२ साली अहमदशहा बहामनी गुलबर्ग्याच्या गादीवर आला आणि पावसाने दडी मारली. फरिश्त्याने लिहिले आहे की, दुसरे वर्षही कोरडे जाऊ लागले तेव्हा लोक नव्या राजालाच अपशकुनी म्हणू लागले. राजा शहराबाहेर एका उंचवट्यावर जाऊन प्रार्थना करीत बसला, आणि आभाळ भरून आले. तेव्हापासून लोक त्याला ‘वली’ म्हणू लागले. पुढे थोड्याच वर्षांत त्याने राजधानी बिदरला हलवली. विजयनगरच्या सरहद्दीपासूनचे अंतर, दरबारातली भांडणे, बिदरची हवा अशी कारणे इतिहासकार देतात. आम्हाला त्यात पाण्याचाही वाटा मोठा वाटतो.

बिदरचे पठार तांबड्या जांभ्याचे आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पाऊस त्यात झिरपत जातो, खालच्या काळ्या पाषाणाशी अडतो आणि दोन दगडांच्या सांध्यातून पठाराच्या कडेला झरा होऊन बाहेर येतो. गुरू नानक झिरा, पापनाश आणि नरसिंह झरणी ही ठिकाणे अशा झऱ्यांवरचीच. झरणीच्या भुयारात छातीभर पाण्यातून दर्शनाला जाताना आपण खरे तर मागच्या पावसाळ्यांतूनच चालत असतो. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाची रचनाही अशीच आहे. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. वर सच्छिद्र चुनखडी, खाली निळसर चिकणमाती, आणि त्यांच्या सांध्यावर झरे. त्या झऱ्यांचे पाणी १६१५ साली पाटाने वॅलेटा शहरात आणले गेले.

बिदरने हे काम त्याच्या आधीच केले होते, तेही जमिनीखालून. बहामनी दरबारात इराणी मंडळींची वर्दळ होती, त्यांच्याबरोबर कारेझची विद्या आली. नौबादची ‘सुरंग बावी’ दोन किलोमीटरांहून लांब आहे. भुयाराला अगदी हलका उतार ठेवलेला, आणि खोदलेली माती वर काढायला व आत हवा जायला वाटेत वीसहून अधिक उभ्या विहिरी. पाणी आपल्या पायाने चालत येते, मोट नको की रहाट नको.

आता मंगळवेढ्याकडे पाहू. ज्वारीचा सपाट काळा मुलूख; पाऊस चुकला की पीक गेले. जुन्या गॅझेटियरांत १४६० चा दुष्काळ दामाजीपंतांच्या नावाने नोंदलेला आहे. पंतांनी सरकारी कोठारे भुकेल्यांना उघडून दिली, बिदरहून पकडण्याचा हुकूम निघाला, आणि विठू महाराच्या रूपात पांडुरंगाने बिदरला जाऊन रक्कम भरली, पावती घेतली. कीर्तनात आपण इथे टाळ्या वाजवतो. पण कथा नीट ऐकली तर तिच्यात बादशहाने धान्याची किंमत सोडल्याचे कुठे येत नाही. देवालासुद्धा ती मोजून भरावी लागली. शिवाय मागणारा दरबार बसला होता तो वर्षभर पाझरणाऱ्या पठारावर. ही कथा आपल्या घरांत इतकी टिकली, त्यात भक्तीइतकाच या वसुलीच्या आठवणीचाही भाग असावा.

बिदर पूर्ण सुरक्षित होते असेही नाही. महमूद गावानचा मदरसा १४७२ चा. त्याच सुमारास दख्खनमध्ये लागोपाठ दोन वर्षे पाऊस पडला नाही आणि विहिरी आटल्या, अशी नोंद आहे.

१९५६ साली बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर महाराष्ट्राकडे गेले. भालकी, औराद, बसवकल्याण इकडे राहिले. मांजरा मात्र लातूरकडून येते ती इकडेच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा तिच्या खालच्या अंगाला आपणही कोरडेच होतो. सोयरीक दोन्हीकडे असल्याने लग्नांच्या तारखांआधी टँकरची चौकशी होई.

नौबादच्या उभ्या विहिरींत कित्येक वर्षे माती आणि कचरा पडत होता. मागच्या दशकात त्यांतल्या बऱ्याच उपसून मोकळ्या झाल्या. पठारावर वस्ती वाढते आहे, बोअर खोल जात आहेत, आणि जांभ्यात मुरायला मोकळी जमीन कमी उरते आहे. विसर्जनानंतरच्या रविवारी मंडळातल्या मुलांना तिथे न्यायचा आमचा विचार आहे. विहिरींची तोंडे गवतात चटकन दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक घरातल्या एका मोठ्या माणसाने बरोबर यावे.