डोंबिवलीची संख्या आणि महावीराचार्य

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या बाजूनें मुंबईस जाणाऱ्या गाडीस कल्याणापुढें डोंबिवली लागते. याच स्थानकावर सुचलेल्या संख्यांस द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनीं स्थानकाच्या नांवावरून ‘डेम्लो’ म्हटलें व १९३८ सालीं त्यांविषयीं निबंध छापला. नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ ही त्यांतील ठळक संख्या होय. ती नवापर्यंत चढते व तशीच उतरते. अंकांची बेरीज ८१, तीही नवाचा वर्ग. दहावा एक जोडतांच मात्र हातचे येऊन ही जुळणी मोडते.

आमच्या मतें या कुळाचा जुना साक्षीदार पोथ्यांत आहे. अंबरनाथाचें शके ९८२ चें देवालय ज्यांचें, त्या शिलाहारांचे पूर्वज राष्ट्रकूट अमोघवर्षाचे मांडलिक होते. त्याच्याच काळीं, नवव्या शतकांत, महावीराचार्यांनीं गणितसारसंग्रह रचला. रंगाचार्यांनीं तो मद्रासेस १९१२ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत २७९९४६८१ ला ४४१ नें गुणण्याचें उदाहरण असून उत्तर येतें १२३४५६५४३२१, म्हणजे सहा एकांच्या संख्येचा वर्ग. विशेष हें कीं, गुण्य ५२९१ चा आणि गुणक २१ चा वर्ग आहे. तेव्हां ही जोडी सहजगत्या हातीं लागली असें मानणें कठीण. तथापि यावरून कापरेकरांचें श्रेय उणें करूं नये. महावीराचार्यांच्या उदाहरणांत एक संख्या आहे, तिचें कूळ मांडिलें तें कापरेकरांनीं.

संग्राहकांस याचा उपयोग आहे. नकलकाराच्या हातून गुण्याचा एक अंक जरी चुकला, तरी उत्तराची चढउतार बिघडते. म्हणून या ग्रंथाची प्रत हातीं आली कीं प्रथम हा गुणाकार करून पाहावा.