माळवदाचं घर म्युझियममध्ये कसं ठेवायचं?

जुनी घरं उचलून आणून मोकळ्या जागेत मांडायची कल्पना रुजली ती स्वीडनमध्ये. कारखानदारी वाढत होती, खेडी बदलत होती. तेव्हा आर्टूर हाझेलियस यांनी निरनिराळ्या प्रांतांतली घरं सुटी करून स्टॉकहोमला नेली आणि पुन्हा उभारली. तेच १८९१ साली सुरू झालेलं स्कान्सेन. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिद्धगिरी म्युझियम आहे. तिथं बलुतेदारांचं गाव पुतळ्यांतून उभं केलंय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते पाहिलं असेल.

सोलापुरात असं काही करायचं झालं, तर पहिलं घर माळवदाचं हवं. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या-काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. भोवती दोन-तीन फुटी दगडमातीच्या भिंती. पाऊस कमी, उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढचा. या मुलखाला साजेसंच घर. पण ते दरवर्षी राखावं लागतं. पावसाळ्याआधी वर माती टाकायची, चोपायची, पाणी पन्हळीकडं वळवायचं.

धोका साठत गेला तो याच मातीत. वर्षानुवर्षं थरावर थर चढले, छत जड झालं. ३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाची रात्र सरत होती, पहाटे आपल्या शेजारी किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे ८,००० माणसं गेली. कितीतरी झोपेतच, स्वतःच्या घराखाली. माळवदाची धास्ती बसली ती तेव्हापासून, आणि ती साहजिकच होती.

पण नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना आणखी एक गोष्ट दिसली. बऱ्याच घरांच्या भिंती ढासळल्या होत्या, लाकडी सांगाडा मात्र उभा होता. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू बांधून ठेवणारे आरपार दगडच नव्हते, म्हणून ती फुटली. म्हणजे एकाच घरात मारणारी गोष्ट होती आणि तारणारीही.

म्हणून म्हणतो, नुसतं घर आणून ठेवू नका. दोन पावसाळ्यांत ते गळेल. एक भिंत उघडी ठेवून आतले दगड दाखवा. जुनी माती खरवडून मगच नवी कशी टाकायची, हे दर उन्हाळ्यात लोकांसमोर करून दाखवा. हे काम येणारी माणसं आता थकलीत. तुमच्या गावात कुणी असेल, तर या पावसाळ्याआधी त्यांच्यापाशी जाऊन बसा.