माळव्याचे वर्ष आणि वर्षाचे वर्गणीदार

पंचांगाचे वर्ष चैत्रात सुरू होवो. आमच्या माळी समाजातील वाडवडिलांचे वर्ष उकिरड्यापासून सुरू होई. मुरलेले शेणखत रोहिणीत रानात पडले, म्हणजे मृगाच्या पावसावर भेंडी, गवार, दोडका, कारले लागत. हस्त ओसरला की मुळा, मेथी, गाजर, वाटाणा. फाल्गुनानंतर विहिरीचे पाणी जसजसे खाली जाई, तसतशी भिजणाऱ्या वाफ्यांची संख्या घटत जाई. बैल धावेवरून उतरत, मोटेच्या सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे, पाटाने वाफ्यापर्यंत येई. आणि तेथे दारे धरून उभी असे ती बहुधा घरची स्त्री. तिच्या श्रमांची नोंद कोणत्याही बखरीत नाही.

या वर्षचक्रातील खरे दुःख मात्र पाण्याहूनही भावाचे होय. श्रावणात कोथिंबीर जागीच सडते तेव्हा तिला भाव असतो. पौषात रान मेथीने भरते तेव्हा जुडीला कोणी विचारीत नाही. दोन्ही वेळी तोटा एकट्या माळ्याचा. जुना काळ सुवर्णाचा होता असे मानणाऱ्या आमच्या बांधवांनी जोतीरावांचा १८८३ सालचा 'शेतकऱ्याचा असूड' पुन्हा वाचावा. जोतीरावांनी स्वतः मांजरी येथे शेती केली होती; जकात व दलाली यांपायी शेतकऱ्याच्या पदरात काय उरते, हे त्यांस ऐकीव माहितीने कळलेले नव्हते.

त्याच जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. त्या मुक्त झालेल्या शेतकऱ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न म्हणून आम्हांस परका वाटत नाही. अलाबामा प्रांतात १८८१ साली टस्कीगी येथे त्यांची विद्यासंस्था निघाली. कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीवर पाचोळ्याचे खत आणि चवळी-भुईमुगाची फेरपालट यांचा उपदेश कार्व्हर यांनी तेथे १८९६ पासून १९४३ पर्यंत केला. वीणा गवाणकर यांच्या पुस्तकामुळे मराठी वाचक त्यांस ओळखतो. त्याच संस्थेतील एक उत्तरकालीन प्राध्यापक बुकर व्हॉटली यांचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या हातून जमिनी झपाट्याने जात होत्या, तेव्हा व्हॉटली यांनी लहान शेतकऱ्यास पंचवीस एकरांची योजना सांगितली: एका पिकावर विसंबू नये, बारमाही काही ना काही निघत राहावे, आणि आसपासच्या कुटुंबांचे सदस्यमंडळ करून त्यांची वर्गणी आधीच घ्यावी. सदस्यांनी शेतावर येऊन स्वहस्ते माल तोडून न्यावा. दलालाविषयी त्यांचे शब्द इतके कडक होते की ते ऐकून जोतीरावांस समाधान वाटले असते!

जपानात हीच कल्पना १९७० नंतरच्या दशकात स्वतंत्रपणे रुजली. १९८६ साली मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर येथील दोन शेतांनी ती युरोपातील अनुभवावरून उचलली. तेथे हिवाळ्यातच सभासद वर्षाचा हिस्सा भरतात, त्यावर बी-बियाणे येते. वसंतात टोपलीत कोवळा पाला, उन्हाळ्यात टोमॅटो, शरदात भोपळे व बटाटे. गारपिटीने टोमॅटो गेला तर टोपली हलकी होते; पैसे परत मिळत नाहीत. खाणाऱ्याने ऋतूचा तोटा वाटून घ्यावा, ही गोष्ट आमच्या कोणत्याही मंडईत कधी घडलेली नाही.

खताच्या बाबतीत मात्र देणे उलट दिशेचे आहे. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे कंपोस्टची जी पद्धती बसविली, तिच्यावरील १९३१ च्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड हे होते. पाश्चात्त्यांच्या सेंद्रिय शेतीने या पद्धतीचा मोठा आधार घेतला. आमचे तरुण आज ती विद्या परदेशी म्हणून शिकतात, याचे हसू येते आणि थोडे वाईटही वाटते.

व्हॉटली यांची एक अट येथे मुद्दाम नमूद करतो. शेत पक्क्या सडकेवर असावे, आणि पन्नास हजार वस्तीचे गाव चाळीस मैलांच्या आत असावे. हडपसर-मांजरीच्या बागायतीवर आता बहुतांशी इमारती उभ्या आहेत. परंतु सासवड पुण्यापासून वीस मैलांच्या आसपास आहे, सडक पक्की आहे, आणि तेथे आमच्या समाजाची रानेही अद्याप आहेत.